गुरुत्वीय लहरींच्या स्रोतमापनात मशीन लर्निंगची पडताळणी

दोन कृष्णविवरे विलीन होताना निघालेल्या गुरुत्वीय लहरींच्या संकेतावरून त्यांची वस्तुमाने, परिवलन, अंतर, आकाशातील दिशा असे साधारण 15 घटक काढावे लागतात. बिल्बीसारख्या प्रचलित प्रणालीला एका घटनेसाठी काही तास ते काही दिवस लागतात. 2021 मध्ये मांडलेले डिंगो हे न्यूरल नेटवर्क लाखो कृत्रिम संकेतांवर आधीच शिकलेले असल्याने तेच काम मिनिटभरात उरकते. उत्तर एक आकडा नसते; कोणते मूल्य किती संभाव्य हे सांगणारे वितरण, म्हणजे पोस्टीरिअर, असते. तपासायचे तेच.

नेहमीची कसोटी पी-पी आलेखाची. प्रायरमधून, म्हणजे संकेत पाहण्याआधी घटकांसाठी गृहीत धरलेल्या वितरणातून, 1,000 संकेत काढून शोधकाच्या (लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या) गोंगाटात मिसळायचे आणि खरे मूल्य पोस्टीरिअरच्या कितव्या शतमकावर पडते ते पाहायचे. खरे वस्तुमान 36 सौर असेल आणि पोस्टीरिअरमधून काढलेल्या 5,000 पैकी 3,600 नमुने त्याखाली असतील, तर शतमक 72. सगळे शतमक सारखे पसरले की आलेख कर्णरेषेवर बसतो. ते दोन्ही टोकांना गोळा झाले, तर नेटवर्क फाजील आत्मविश्वासाने अरुंद वितरण देते आहे. मध्यावर साचले, तर उगाच रुंद. मात्र नुसत्या या आलेखावर विसंबू नये. संकेताकडे ढुंकूनही न पाहता दर वेळी प्रायरच परत देणारे नेटवर्कही ही परीक्षा पास होते!

म्हणून 14 सप्टेंबर 2015 च्या जीडब्ल्यू150914 सारख्या खऱ्या घटनांवर प्रचलित प्रणालीचे आणि नेटवर्कचे पोस्टीरिअर ताडून पाहतात. दोन वितरणांतील फरक मोजणारे जेन्सन-शॅनन अंतर 0 असेल तर दोन्ही एकरूप; कमाल 0.69 नॅट (नॅट हे या मापाचे एकक).

याहून कडक उपाय भारांचा. प्रत्येक नमुन्याचा लाइकलीहूड (ती मूल्ये खरी असती तर हीच नोंद मिळण्याची शक्यता) गुणिले प्रायर, भागिले नेटवर्कने दिलेली संभाव्यता-घनता, हा त्याचा भार. भारांच्या बेरजेचा वर्ग भागिले वर्गांची बेरीज, इतके नमुने प्रभावी. 1,00,000 पैकी 10,000 प्रभावी ठरले तर कार्यक्षमता 10 टक्के, म्हणजे चांगली. ती टक्क्याच्याही खाली गेली तर निकाल वापरू नये. मात्र आकाशातील दिशेचा दुसरा संभाव्य पट्टा नेटवर्कने पूर्णच गाळला असेल, तर तेथे नमुनाच नसतो आणि भार गप्प राहतात.

गोंगाटाचे दुखणे वेगळे. 17 ऑगस्ट 2017 च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या संकेतात, विलीनीकरणाच्या सुमारे सेकंदभर आधी, अमेरिकेतील लायगोच्या लिव्हिंग्स्टन येथील शोधकात मोठा ग्लिच, म्हणजे गोंगाटाचा अचानक झटका, आला होता. लाइकलीहूडच गोंगाट स्थिर व गाउसीय (घंटाकृती वितरणाचा) धरत असल्याने अशा वेळी नेटवर्क आणि प्रचलित प्रणाली दोन्ही एकाच दिशेने चुकू शकतात, आणि तुलना मात्र उत्तम जुळते. त्यामुळे चाचणीचे संकेत शोधकांच्या खऱ्या नोंदींतही मिसळावे लागतात. ठरावीक शोधकांवर शिकवलेल्या नेटवर्कला, हिंगोलीजवळचा लायगो-इंडिया हा नवा शोधक सुरू झाल्यावर त्याची नोंद वापरायची तर, नव्याने शिकवून याच चाचण्या पुन्हा कराव्या लागतील.