खिल्ला कोणती, मुतखड्याची की कोडाची?

इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात दोन रानटी झाडं उगवतात. दोन्ही ओवा-शेपूच्या कुळातली, दोन्हींवर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या, आणि अरबीत दोन्हींचं नाव खिल्ला. एक ‘खिल्ला बलदी’, म्हणजे गावठी; शास्त्रीय नाव अमी विस्नागा. दुसरी ‘खिल्ला शैतानी’, म्हणजे अमी मेजस.

झाड समोर असेल तर घोळ होत नाही. गावठीचं पान शेपूसारखं, दोऱ्याइतकं बारीक चिरलेलं; शैतानीच्या पानाचे भाग रुंद, कडा करवती. फुलं गळून बी धरलं की गावठीच्या छत्रीच्या काड्या जाड, ताठ होतात आणि आत वळतात. वाळलेल्या या काड्या तिकडे दात कोरायला विकल्या जातात. पण औषधाच्या दुकानात पान नसतं, काड्याही नसतात. असतं ते फक्त बारीक तपकिरी बी, आणि चूक तिथेच होते.

गावठीच्या बियांचा काढा मुतखड्यावर चालतो. त्यातलं खेलिन नावाचं रसायन मूत्रवाहिनीचे आवळलेले स्नायू सैल करतं, म्हणून कळ थांबते. 1940 च्या दशकात कैरोत ग्लेब अनरेप नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, प्रसिद्ध रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे शिष्य. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाला अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा आजार, होता. त्याने मुतखड्यासाठी खिल्ला घेतली आणि छातीतलं दुखणंही कमी झालं! अनरेपनी हा धागा सोडला नाही. पुढे खेलिनच्या रेणूत फेरफार करत दम्यावरचं क्रोमोग्लायकेट आणि हृदयाचे ठोके बिघडले की आजही आयसीयूत देतात ते अमिओडॅरोन, अशी दोन औषधं निघाली. क्रोमोग्लायकेटची चाचणी तर रॉजर अल्टुन्यान या डॉक्टरांनी स्वतःच्याच दम्यावर घेतली.

शैतानीचं काम पूर्ण वेगळं. ती कोडावर, आणि तीही उन्हाच्या मदतीने. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार यांनी ही रीत लिहून ठेवली आहे: बियांची पूड घ्यायची आणि पांढरे डाग उन्हात धरायचे. 1947 मध्ये इजिप्तच्या रसायनतज्ज्ञांनी यातून मेथॉक्ससॅलेन हे रसायन वेगळं केलं. कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ अल-मोफ्ती यांनी ते रुग्णांवर वापरलं, आणि 1974 पासून सोरायसिस या त्वचारोगावरही त्याची गोळी देऊन अतिनील दिव्याखाली बसवायचे उपचार सुरू झाले. आपल्याकडे कोडावर बावची देतात, तीही याच जातीची रसायनं बाळगते. या रसायनांचं ‘सोरालेन’ हे नाव बावचीच्याच लॅटिन नावावरून पडलं.

म्हणून अदलाबदल महागात पडते. मुतखड्याचा रुग्ण शैतानीचं बी खाऊन भर दुपारी शेतात गेला, तर मेथॉक्ससॅलेन उन्हात त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतं आणि अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. चरणाऱ्या जनावरांनाही हा त्रास होतो. उलट, कोडावर गावठी निरुपयोगी म्हणावी तर तेही खरं नाही: 1980 च्या दशकात खेलिन आणि अतिनील किरण जोडून कोडावर प्रयोग झालेच, आणि त्यात भाजण्याची भीती कमी.

यात आपला ओवाही ओढला गेला आहे. त्याचं जुनं शास्त्रीय नाव ‘कॉप्टिकम’, म्हणजे इजिप्तच्या कॉप्टांचा (तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाचा), आणि इंग्रजीत ओवा व शैतानी खिल्ला दोन्ही ‘बिशप्स वीड’. ओव्याचा जोर थायमॉल या रसायनावर, तो पोटातल्या गॅसवर चालतो. त्यामुळे ऑनलाइन ‘बिशप्स वीड’ मागवणाऱ्याने आधी पाकिटावरचं पूर्ण लॅटिन नाव वाचलेलं बरं.