अमेरिकन कादंबरीतील सबल आणि दुर्बल स्त्रिया

अमेरिकन कादंबरीत सुरुवातीपासून स्त्रियांची एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते : एक धीट, आपल्या मताने चालणारी, दुसरी नाजूक, कुणाच्या तरी आधाराने उभी. जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये (१८२६) कोरा आणि ॲलिस या सावत्र बहिणी अशाच आहेत. संकटात कोरा खंबीर राहते, ॲलिस घेरी येऊन पडते. कोराच्या आईच्या घराण्यात गुलाम पूर्वज होते. शेवटी जीव जातो तो कोराचाच, ॲलिस वाचते. धीट स्त्रीकडून तिच्या धीटपणाची किंमत वसूल करण्याची ही रीत पुढे फार काळ टिकली.

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधील (१८५०) हेस्टर प्रिन व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर वागवते, भरतकाम करून मुलीला वाढवते आणि तिच्या बापाचे नाव ओठांवर येऊ देत नाही. तो बाप, गावाचा आदरणीय धर्मोपदेशक, सात वर्षे गप्प राहतो. इथे दुबळा ठरतो तो पुरुष.

लुइसा मे अल्कॉटला ‘लिटल विमेन’मधील (१८६८-६९) जो मार्च अविवाहित लेखिकाच ठेवायची होती, ती स्वतःही अविवाहित राहिली. मात्र जोचे लग्न कुणाशी होणार, अशी पत्रे वाचक मुलींकडून येऊ लागली. अल्कॉटने लग्न लावले, पण वाचकांच्या लाडक्या लॉरीशी नव्हे, एका प्रौढ जर्मन प्राध्यापकाशी. केट शोपॅनच्या ‘द अवेकनिंग’मध्ये (१८९९) तेवढीही पळवाट नाही. उन्हाने रापलेल्या एडनाकडे तिचा नवरा, एखाद्या मौल्यवान वस्तूला इजा व्हावी तसा पाहतो. त्या उन्हाळ्यात ती पोहायला शिकते आणि अखेर त्याच समुद्रात दूर पोहत जाऊन जीवन संपवते. कोवळ्या मुलांना मागे ठेवून जाणाऱ्या एडनाला सबल म्हणावे की दुर्बल, यावर वाचक अजून भांडतात. तिला कमकुवत म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मार्गारेट मिचेलच्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये (१९३६) जुनी जोडी परत येते : हिकमती स्कार्लेट आणि सोशिक मेलनी. पण घरात घुसलेल्या सैनिकाला स्कार्लेट गोळी घालते, तेव्हा बाळंतपणाने खंगलेली मेलनी तलवार ओढत जिन्याशी येते आणि त्याच्याजवळचे पैसे शोधायलाही तीच सुचवते. या कादंबरीची मोठी उणीव अशी की, गुलाम स्त्रिया तिच्यात मालकांच्या नजरेतूनच दिसतात.

ती नजर कृष्णवर्णीय लेखिकांनी बदलली. झोरा नील हर्स्टनच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये (१९३७) आजी आपल्या नातीला, जेनीला, सांगते, काळी बाई म्हणजे जगाचे ओझे वाहणारे खेचर. म्हणजे ताकद हा इथे गुण नव्हे, लादलेली सक्ती आहे. जेनीची धडपड त्यातून सुटून स्वतःच्या मर्जीने प्रेम करण्याची आहे. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मागे (१९८७) मार्गारेट गार्नरची खरी हकीकत आहे. १८५६ मध्ये गुलामी असलेल्या केंटकीतून गुलामीमुक्त ओहायोत पळालेल्या मार्गारेटने, पकडले जाताना मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ देण्यापेक्षा मारून टाकले. कादंबरीतील सेथ हेच करते, आणि वस्ती तिला वर्षानुवर्षे वाळीत टाकते. पुढे मेलेल्या मुलीच्या ओढीने ती खाणेपिणे विसरून पार झिजते, तेव्हा शेजारच्या तीस बायका तिच्या दारासमोर जमून गाऊ लागतात.