नाथसागर 30 टक्के, मग चार्टमधी 60 कुठून आले?

मागच्या वर्षी हौसेनं मराठवाड्यातल्या धरणांचा एक डॅशबोर्ड बनवला होता पॉवर बीआय नावाच्या चार्टच्या सॉफ्टवेअरमधी, रंगीबेरंगी एकदम, आणि स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. जिंतूरच्या मामाचा लगेच फोन. "कामून रे, पैठणला पाणी दिसंना अन् तू सगळं मिळून 60 टक्के म्हणतोस?" मामा कधी एक्सेल उघडत नाहीत, पण चूक त्यांनीच धरली.

काय झालं होतं ते सांगतो. तीनच धरणं घेऊ. जायकवाडीचा (पैठणचा नाथसागर तो हाच) उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर), येलदरी साधारण 810 आणि धनेगावचं मांजरा साधारण 177. ह्या क्षमता खऱ्या आहेत, पुढचे टक्के मात्र हिशोबाला सोपे म्हणून धरलेत. समजा जायकवाडी 30 टक्के, येलदरी 60 आणि मांजरा 90. मी टक्क्यांचा कॉलम उचलून चार्टवर टाकला, सॉफ्टवेअरला ॲव्हरेज सांगितलं, त्यानं 30, 60, 90 ची बेरीज करून तीननं भागलं, आले 60. आता पाणी मोजा. 651 अधिक 486 अधिक 159, म्हणजे 1296 च्या आसपास, आणि तिन्हींत मावतं 3158. भागाकार 41 टक्के. म्हणजे एकोणीस टक्के पाणी मी बसल्या बसल्या तयार केलं, पाऊस न पडता.

कारण एवढंच की बारक्या मांजराला आणि समुद्रासारख्या नाथसागराला मी एकच मत दिलं. ग्रुपचा टक्का काढायचा तर टक्क्यांना हातच लावायचा नाही, आधी वरचे आकडे (पाणी) बेरजेत घ्या, मग खालचे (क्षमता), आणि भागाकार सगळ्यात शेवटी.

सॉफ्टवेअरमधी हे कुठं बिघडतं तर भागाकार कधी होतो तिथं. पॉवर बीआयमधी कॅल्क्युलेटेड कॉलम केला की भागाकार प्रत्येक ओळीत आधीच होऊन बसतो, आणि मग ग्रुप केला की त्या तयार टक्क्यांची सरासरी नाहीतर बेरीज येते (बेरीज आली तर बरं, 180 टक्के बघून माणूस निदान दचकतो तरी). त्याऐवजी मेजर, म्हणजे ग्रुप केल्यावर चालणारं सूत्र, लिहिलं, साठ्याची बेरीज भागिले क्षमतेची बेरीज, की ते प्रत्येक ग्रुपसाठी नव्यानं हिशोब करतं, जिल्हा घ्या, विभाग घ्या, बरोबरच येतं. एक्सेलच्या पिव्होटमधी (ग्रुपवार बेरजांच्या तक्त्यात) पण तसंच, शेजारी टक्क्याचा कॉलम काढून तो आत ओढला की फसलात, पिव्होटची कॅल्क्युलेटेड फील्ड वापरली तर ती आधी बेरजा करते मग भागते.

आता ह्याच्यापेक्षा चिवट भानगड म्हणजे छेद. मांजरातलं तेच 159 दलघमी पाणी घ्या. मांजराच्या क्षमतेचे ते 90 टक्के, तिन्ही धरणांतल्या आजच्या पाण्याचे 12 टक्के, आणि तिन्हींच्या एकूण क्षमतेचे 5 टक्के. तिन्ही उत्तरं बरोबर! चार्टवर नुसतं "टक्के" लिहिलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? आणि त्या 30, 60, 90 चा पाय चार्ट तर चुकूनही करू नका, तो सगळ्याचे शंभर करून टाकतो आणि निम्मी चकती मांजराच्या नावावर जाते.

फिल्टर लावला की अजून मजा. स्लायसरमधी (फिल्टरच्या बटणांत) फक्त मांजरा आणि येलदरी निवडलं, तर मांजराचा वाटा 12 च राहावा का दोघांतला 25 व्हावा? पॉवर बीआयमधी छेदाला ऑल हे फंक्शन लावलं तर तो फिल्टरला जुमानत नाही, 12 च दाखवतो. ऑलसिलेक्टेड लावलं तर तुम्ही निवडलेल्यांपुरताच छेद धरतो, 25 येतात. काहीच लावलं नाही तर प्रत्येक धरण स्वतःला स्वतःनंच भागतं आणि सगळीकडं 100 टक्के, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा लॅपटॉपच बिघडला वाटलं होतं.

पेपरात "जायकवाडी शून्य टक्के" येतं ना, तेव्हा पण छेदाचाच खेळ असतो. तो टक्का उपयुक्त साठ्याचा. त्याच्या खाली 738 दलघमी मृतसाठा, उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळाचं पाणी, असतोच, एकूण 2909 चा चौथा हिस्सा. म्हणून शून्य टक्क्याला पण धरणात पाणी दिसतं, आणि मृतसाठ्यातून उपसा झाला की टक्का उणे लिहितात.

बरं, 41 बरोबर आलं म्हणून लातूरवाल्याला त्याचा काय उपयोग? त्याच्या नळाला मांजराचं पाणी, नाथसागराचं नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली तेव्हा सगळ्या विभागाची सरासरी काय होती ह्यानं कुणाची घागर भरली नसती. म्हणून आता माझ्या डॅशबोर्डवर विभागाचा टक्का बारीक अक्षरात वर आहे, खाली प्रत्येक धरणाची वेगळी पट्टी, पट्टीची लांबी दलघमीत आणि शेजारी टक्का. मामाला लिंक पाठवली. त्यांनी तीन धरणांतलं फक्त येलदरी बघितलं अन् म्हणले, "रब्बीला पाण्याच्या पाळ्या किती मिळतील ते नाही का ह्यात?"