एमएलएल आणि मेनिन : एका घातक जोडीची पार्श्वभूमी

वर्षाच्या आतल्या बाळांना लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला, तर दहापैकी सात-आठ वेळा एकच बिघाड सापडतो. अकरावे गुणसूत्र ठरावीक जागी तुटते, दुसऱ्याच गुणसूत्राच्या तुकड्याला चिकटते आणि दोन अर्ध्यामुर्ध्या जनुकांचे मिळून एक नवे जनुक, म्हणजे जोडजनुक, तयार होते. केमोथेरपीला हा आजार सहजी दाद देत नाही. या बिघाडावर नेम धरणाऱ्या रेव्ह्युमेनिब या पहिल्या औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. त्यामागे काही दशकांचे काम आहे.

गुणसूत्रांतील अदलाबदलीने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, ही कल्पना रुजली ती रक्ताच्या एका कर्करोगात दिसणाऱ्या फिलाडेल्फिया गुणसूत्रामुळे. ते 1960 मध्ये सापडले आणि 1973 मध्ये शिकागोच्या संशोधक जॅनेट राउली यांनी नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांतली देवाणघेवाण दाखवून दिली. अकराव्या गुणसूत्रावर तुटणारे जनुक 1991-92 च्या सुमारास राउलींच्या गटासह काही प्रयोगशाळांच्या हाती लागले. त्याला एमएलएल म्हणू लागले. आजचे अधिकृत नाव केएमटी2ए.

हे जनुक फळमाशीच्या ट्रायथोरॅक्स जनुकाचे नातलग निघाले. वाढीच्या काळात चालू राहायला हवीत ती जनुके चालू ठेवणे, हे त्याचे काम. रक्ताच्या मूळपेशींत एचओएक्सए9 आणि एमईआयएस1 ही जनुके चालू असतात आणि पेशी पक्व होताना शांत होतात. जोडजनुकाचे प्रथिन, म्हणजे जोडप्रथिन, त्यांना शांत होऊ देत नाही. मग पेशी अपक्वच राहतात आणि वाढत सुटतात.

कोडे असे होते की एमएलएलला चिकटणारे जोडीदार ऐंशीहून अधिक आहेत. इतक्या वेगवेगळ्या जोडीदारांतून एकसारखाच आजार कसा होतो? साहजिकच अनेकांनी जोडीदारांच्या बाजूने शोध घेतला, आणि तो वाया गेला नाही. एएफ4, एएफ9, ईएनएल यांसारखे नेहमीचे जोडीदार जनुकाचे वाचन वेगाने पुढे नेणाऱ्या एकाच प्रथिनसमूहातले निघाले. काही जोडीदार डॉट1एल हे एन्झाइमही ओढून आणतात, हे 2005 मध्ये समजले. जनुकाचे वाचन सुरू ठेवण्यात त्याचाही हात असतो.

माझ्या मते निर्णायक धागा मात्र दुसऱ्या टोकाला होता. जोडीदार कोणीही असो, एमएलएलचा सुरुवातीचा तुकडा प्रत्येक जोडप्रथिनात शाबूत राहतो. याच तुकड्याला मेनिन हे प्रथिन चिकटते. स्टॅनफर्डमध्ये मायकेल क्लीअरी यांच्या प्रयोगशाळेत अकिहिको योकोयामा यांनी 2005 मध्ये दाखवले, की मेनिनला धरणारा छोटासा भाग काढून टाकला तर जोडप्रथिन पेशीला कर्करोगी बनवू शकत नाही. 2008 मध्ये त्याच दोघांनी तिसरा घटक पुढे आणला : एलईडीजीएफ. एमएलएल आणि मेनिन एकत्र आले की हे प्रथिन त्यांना येऊन मिळते आणि त्या जोडीला गुणसूत्रावर नेमक्या जागी टेकवते. म्हणजे जोडजनुक एकट्याच्या बळावर काही करत नाही.

यातली चक्रावून टाकणारी बाब अशी, की मेनिनची ओळख होती ती गाठी रोखणारे प्रथिन म्हणून. त्याचे जनुक 1997 मध्ये सापडले, तेही अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होणाऱ्या कुटुंबांत. तेच प्रथिन रक्तात कर्करोगाला हातभार लावते! मेनिनच्या स्फटिकातून त्याची रचना पाहिल्यावर 2012 मध्ये खुलासा झाला : मेनिनमध्ये एक खोल खोबण आहे, आणि एमएलएल व जुनडी ही दोन्ही प्रथिने तिथेच बसतात. जुनडी बसले तर जनुकांचे काम दबते, एमएलएल बसले तर वाढते.

ही खोबण औषधाने भरता येईल, हे योलांता ग्रेम्बेका आणि टोमाश चेरपित्स्की यांनी त्याच वर्षी पहिल्या रेणूंनिशी दाखवले. रेव्ह्युमेनिब याच तत्त्वावर चालते. मंजुरीसाठी पाहिलेल्या 104 रुग्णांपैकी सुमारे 21 टक्क्यांत आजार पूर्ण आटोक्यात आला, काहींत रक्तपेशींची संख्या अंशतःच सावरली. उपचार हरलेल्या रुग्णांसाठी हे कमी नाही. तरी मंजुरी एक वर्ष आणि त्यावरील रुग्णांसाठीच आहे. ज्या तान्ह्यांत हा बिघाड सर्वाधिक आढळतो, ती बाळे या मंजुरीबाहेर राहिली. शिवाय काही रुग्णांत मेनिनची खोबण किंचित बदलते : औषध नीट बसत नाही, एमएलएल मात्र बसते. म्हणूनच मेनिनरोधके, म्हणजे ही खोबण भरणारी औषधे, उपचाराच्या सुरुवातीपासून केमोथेरपीच्या जोडीने देण्याच्या चाचण्या चालू आहेत.