‘ज्ञानेश्वर’ सापडत का नाही? सीमाभागातल्या ऑनलाइन शोधाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एखाद्या माणसाचा ऑनलाइन शोध घ्यायची पाळी बहुधा तीन कारणांनी येते. वाटणीच्या कागदावर कुणा बहिणीची सही राहिलेली असते, सोयरीक ठरवण्याआधी मुलाकडची चौकशी करायची असते, नाहीतर मतदार यादीत नाव आहे की उडालं ते पाहायचं असतं. अनेकदा पडद्यावर काहीच येत नाही, आणि माणूस तर पलीकडच्या गल्लीत राहतो. याची मुळं इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहेत.

कुणाचा कोण हे सांगण्याचं काम पूर्वी हेळवी करायचा. बैलगाडीतून गावोगाव फिरायचं, ठरलेल्या घरापुढे पिढ्यांची नावं म्हणून दाखवायची, नव्या जन्माची भर घालायची आणि धान्य घेऊन पुढचं गाव गाठायचं. चावडीच्या दप्तरात पुरुष ‘अमका बिन तमका’ असा आणि बाई ‘अमकी कोम तमका’ अशी लिहिली जाई. हेच ‘बिन’ आणि ‘कोम’ कर्नाटकातल्या कन्नड उताऱ्यांत आजही भेटतात. जुन्या मोडी कागदांवर वाढलेल्या माणसाला ते वाचून आपल्या पणजोबांचा आवाज आल्यासारखा वाटतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. भावकीतली अर्धी घरं इकडे, अर्धी तिकडे. लेकी दिलेल्या दोन्हीकडे. तेव्हा याचा त्रास मुख्यतः कचेरीपुरता होता. बऱ्याच मराठी गावांची जुनी दप्तरं मराठीत होती, नंतरची कन्नडमध्ये झाली, आणि दोन्ही वाचू शकणारा तलाठी किंवा कारकून कुठेतरी असायचाच. त्याला नाव सांगितलं की तो मनातल्या मनात लिपी बदलून पान काढायचा.

हा मधला माणूस गेला तो 2000 च्या सुमारास. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे सुमारे 2 कोटी उतारे संगणकावर चढवले; खातेदार होते जवळपास 67 लाख. हाताने लिहिलेल्या उताऱ्याची कायदेशीर किंमत संपली आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील प्रत मिळू लागली. तलाठ्याची मनमानी आणि चिरीमिरी यावर हा मोठा उतारा होता, आणि शेतकऱ्याचे हेलपाटे कमी झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव जसं कन्नडमध्ये टंकलं गेलं तसंच ते कायम झालं. महाराष्ट्रातला सातबाराही पुढे ऑनलाइन आला, तो देवनागरीत. म्हणजे चंदगडचा चुलता देवनागरीत, खानापूरचा पुतण्या कन्नडमध्ये, आणि बँक, पॅन, पासपोर्टसाठी दोघेही रोमनमध्ये.

इथे ‘ज्ञ’ येतो. मराठी माणूस ‘ज्ञानेश्वर’ रोमनमध्ये लिहिताना ‘डी-एन-वाय’ने सुरुवात करतो, कारण आपण ते अक्षर ‘द्न्य’ असं उच्चारतो. कन्नडमधून रोमनमध्ये नेलं की तेच नाव ‘जे-एन’ किंवा ‘जी-एन’ने सुरू होतं. आता उलट दिशेने जा. आधार नोंदवताना नाव इंग्रजीत टंकतात आणि स्थानिक लिपीतलं रूप यंत्र सुचवतं. ‘डी-एन-वाय’वाल्या माणसाचं कन्नडमध्ये ‘ड्न्यानेश्वर’ होऊन बसतं. खिडकीवरच्या मुलाने ते जागच्या जागी दुरुस्त केलं तर बरं, नाहीतर एकाच घरात बापाचं नाव एक आणि मुलाच्या कागदावर बापाचं नाव दुसरं.

बाकीची नावंही यातून सुटत नाहीत. दक्षिणेकडे ‘त’साठी रोमनमध्ये ‘टी-एच’ लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे आपली ‘लता’ आणि आपला ‘मारुती’ बंगळुरूच्या कागदावर एक ‘एच’ जास्त घेऊन येतात. ‘देसाई’ कन्नडमध्ये ‘देसायि’ होतो आणि परतताना कधी एक ‘वाय’ सोबत आणतो. तंतोतंत जुळणी मागणाऱ्या शोधखिडकीला ही सगळी वेगवेगळी माणसं.

यावर तोडगा म्हणून उच्चारावरून जुळवणी करण्याच्या पद्धती आहेत. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ‘साउंडेक्स’, अमेरिकेत 1918 साली पेटंट झालेली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. या पद्धतीत ‘लता’ची दोन्ही स्पेलिंगं एकच ठरतात, ‘देसाई’चीही. ‘ज्ञानेश्वर’चे आकडे तर तिन्ही रूपांत 552 असे चोख जुळतात. पण पहिलं अक्षर एकदा डी, एकदा जे, एकदा जी, आणि पहिल्या अक्षराला हात लावायचा नाही हा नियम. तिथे सगळं फिसकटतं. ज्यांनी ही युक्ती काढली त्यांच्यासमोर इंग्रजी वळणाची आडनावं होती, आळंदीचा विचार त्यांनी करण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडे मात्र दर दुसऱ्या वारकरी घरात एखादा ज्ञानेश्वर, ज्ञानदेव किंवा ज्ञानू असतो.

बायकांचं प्रकरण याहून अवघड. लग्नात मधलं नाव आणि आडनाव बदलतंच, काही घरांत पहिलंही बदलतं. राज्यही बदललं तर माहेरच्या उताऱ्यावरची ‘कोणाची मुलगी’ आणि सासरच्या यादीतली ‘कोणाची बायको’ यांना जोडणारा धागा कुठल्याच संकेतस्थळावर नाही. वाटणीत बहिणीची सही ‘मिळत नाही’ असं सांगणाऱ्या भावांना याची सोयही होते, हेही खरं.

1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचं अधिकृत इंग्रजी नाव ‘बेळगावी’ झालं. तारीख 1956 चीच निवडली; का, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. राजकारण बाजूला ठेवलं तरी शोधाच्या दृष्टीने एवढं झालं की त्याआधीच्या नोंदी एका नावाखाली आणि नंतरच्या दुसऱ्या नावाखाली गेल्या. रेल्वेचा स्थानक-संकेत मात्र जुन्या नावावरूनच राहिला.

मग आलं 2018. तोवर मतदार याद्यांच्या फायली अशा असत की नाव टाकून संगणकाला शोधायला लावता येई. त्या वर्षी याद्या चित्ररूपात टाकायला सुरुवात झाली. डोळ्यांनी वाचता येते, शोधता येत नाही. मतदारांची माहिती गोळा करून गैरवापर होऊ नये, हे कारण. एका राष्ट्रीय पक्षाचे नेते शोधता येणाऱ्या याद्या मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयाने मागणी नाकारली आणि हवं असेल तर चित्राचा मजकूर स्वतः करून घ्या, असा त्याचा रोख राहिला. ज्याच्याकडे पैसा आणि माणसं आहेत तो ते करून घेतोच. अडतो तो गावातला कार्यकर्ता, ज्याला वॉर्डातली चाळीस घरं तपासायची असतात. दुसऱ्या बाजूला, नाव, वय, नवऱ्याचं नाव आणि घरक्रमांक एकत्र असलेली यादी कुणालाही चाळता यावी का, हा प्रश्न खोटा नव्हता. वर्षभर आधीच, 24 ऑगस्ट 2017 ला, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला होता, आणि त्या खटल्यातले मूळ अर्जदार कर्नाटकाच्याच उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. ऑगस्ट 2025 मध्ये बंगळुरूच्या महादेवपुरा मतदारसंघातल्या याद्यांवरून हाच वाद देशभर पुन्हा पेटला.

दरम्यान 2023 च्या अखेरीस महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी पानांची चित्रं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. बेळगावकडच्या घरांतही पणजोबांची नावं मोठ्याने वाचली जाऊ लागली, कारण कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचे फोन येत होते: ‘तुमच्याकडं जुना कागद हाय काय?’ हेळव्यांचीही आठवण झाली ती तेव्हाच.

त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं. पूर्वी तिथेच लिहिलेला व्यापक जनहिताचा अपवाद त्या ओळीतून गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले.

कर्नाटकात सध्याचं काम वेगळ्याच टोकाला चालू आहे. उताऱ्यांना आधार जोडायला घेतल्यावर कितीतरी खातेदार केव्हाच वारलेले असल्याचं दिसलं, आणि वारसांची नावं लावण्यासाठी ‘पौती खाते’ मोहीम काढावी लागली. ‘पौती’ म्हणजे आपलंच ‘फौत’. त्यासाठी वंशावळ लागते, आणि ती घ्यायला गावचा अधिकारी घरी येऊन विचारतो: आजोबांना मुलं किती, मुली कुठे दिल्या, त्यांची आताची नावं काय. घरातली म्हातारी सांगते आणि तो कन्नडमध्ये लिहून घेतो.