मामा, पिकअप बघ!

भाच्याने डिझेल गाडीला रिमॅप करायचं ठरवलं, म्हणून मीही चिपळूणच्या गॅरेजमध्ये गेलो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला वायर, मांडीवर लॅपटॉप आणि बॅटरीला चार्जर. चार्जर कशाला? नवा प्रोग्रॅम चढताना व्होल्टेज पडलं, तर इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, अर्ध्यातच अडकतो आणि गाडी जागची हलत नाही.

पडद्यावर नुसती कोष्टकं. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते, आणि प्रत्येक घरात एक आकडा: एका स्ट्रोकला किती मिलिग्रॅम डिझेल फवारायचं. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा दाब, फवारणीची वेळ, टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराची मर्यादा यांचीही अशीच कोष्टकं असतात. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणं.

समजा, ५० चे ५८ केले. १ ग्रॅम डिझेल जाळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते. म्हणजे या ८ मिलिग्रॅमसाठी निदान ११६ मिलिग्रॅम हवा जास्तीची. ती टर्बोने ओढून आणायची. नाही जमलं, तर मागे काळा धूर, आणि बीएस-६ गाडीत तोच धूर सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये साठतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला तर जास्तीची हवा आणणारं कुणीच नाही, म्हणून तिथे रिमॅपने फारसं काही हाती लागत नाही.

आता आपली कोकणातली हवा घ्या. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, की हवेतली जवळपास ४ टक्के जागा वाफच अडवते. शिवाय नुसत्या उष्णतेनेच ही हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा ५-६ टक्के विरळ. तेवढाच प्राणवायू मिळवायला टर्बोला जास्त गरगरावं लागतं. कंपनी आकडे हात राखून भरते ते अशा हवेसाठी, घाटासाठी, कमअस्सल डिझेलसाठी. रिमॅपवाला हीच शिल्लक खर्च करतो. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ आणि अर्टिगात ९० हॉर्सपॉवरचं होतं, पण अर्टिगाला टर्बोही वेगळा होता. नुसत्या आकड्यांचा तो खेळ नव्हता.

कायद्याचंही आहेच: कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बंधन घालतं. भाच्याने ते कानाआड केलं.

"मामा, पिकअप बघ!" म्हणत तो कुंभार्ली घाटात निघाला. पिकअप खरंच होता. तिसऱ्या वळणावर फेरे भसकन वर गेले, गाडी मात्र तेवढीच, आणि काहीतरी करपल्याचा वास. वाढलेला टॉर्क क्लच प्लेटला पेलला नव्हता.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "आता क्लच प्लेट मोठी टाकू."