जोराच्या वाऱ्याने पवनचक्कीचा जनरेटर जळतो? तसं नाहीये

वर्षानुवर्षं एक समजूत फिरतेय की वादळी वारा आला की पवनचक्की क्षमतेपेक्षा जास्त वीज बनवते आणि जनरेटर जळतो. आजच्या मोठ्या मशीनमध्ये तसं होऊच दिलं जात नाही, वारा साधारण सेकंदाला 12 मीटरच्या पुढे गेला की पाती कोन बदलून जास्तीचा जोर सोडून देतात आणि 25 च्या आसपास तर बहुतेक मशीन थांबतातच.

खरा त्रास वाऱ्याच्या सततच्या चढउताराचा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानुसार बदलते, म्हणजे वेग फक्त 10% वाढला तरी ताकद 33% वाढते, मग करंट वरखाली, त्याबरोबर कन्व्हर्टरमधल्या (जनरेटरची वीज ग्रिडला जुळेल अशी करणारं उपकरण) सेमीकंडक्टरचं तापमान वरखाली, आणि आतले थर सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून बारीक वायर आणि सोल्डरचे जोड हळूहळू सुटत जातात. वारा जोरात पण स्थिर असेल तर हा थकवा उलट कमी, हे पटकन पटत नाही पण आहे तसंच.

आणि यावर फार कमी बोललं जातं, रोटरचा, म्हणजे जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाचा, वेग बदलता असला की बिघाडाची करंटमधली खूणही एका फ्रिक्वेन्सीवर टिकत नाही, सरकत राहते, त्यामुळे वाइंडिंगमधला, म्हणजे जनरेटरच्या तारांच्या वेटोळ्यांमधला, छोटा शॉर्ट साध्या तपासणीत निसटू शकतो. करंटची नोंद रोटरच्या वेगाशी जुळवूनच बघायला हवी.